पूरनियंत्रणाच्या जमिनीवरील फिरण्याचा मार्ग: उघडण्याआधी बंद कसा करायचा ते ठरवा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. शहरालगतच्या ओढ्याचे दोन्ही काठ पूरनियंत्रण खात्याकडे आहेत, बांधाच्या माथ्यावरून खात्याचा सेवारस्ता जातो आणि कुंपणाच्या फटीतून आत शिरून लोक तिथे वर्षानुवर्षे फिरत, धावत व सायकली चालवत आले आहेत. आता हा रस्ता रीतसर खुला करायला खाते तयार आहे. मात्र तो चालवण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेने उचलावी, अशी त्याची अट आहे. त्यासाठी मार्गाची रुंदी किती ठेवावी, पृष्ठभाग कोणता करावा, दिवे आणि बाके कुठे बसवावीत आणि पुलांखालून मार्ग न्यावा की रस्ता ओलांडून, हे आपण विचारले आहे.

या कामात मी काही वर्षे खात्याच्या बाजूने आणि काही वर्षे उद्यान विभागाच्या बाजूने बसलो आहे. दोन्हीकडच्या अनुभवावरून सांगतो की आपले प्रश्न रास्त आहेत, पण त्यांचा क्रम उलटा आहे. हा मार्ग कोणत्या चिन्हावर, कोणाच्या सांगण्यावरून आणि किती मिनिटांत बंद होईल, हे आधी ठरले पाहिजे. ते एकदा कागदावर आले की रुंदी, बाके आणि पुलाखालचा रस्ता यांची निम्मी उत्तरे आपोआप मिळतात. ते ठरले नाही तर सुंदर बांधलेला मार्गही पहिल्या मोठ्या पावसात खात्याच्या आणि आपल्या गळ्यात अडकतो.

सुरुवात जमिनीपासून करू. ज्याला आपण मोकळी जागा समजतो ती मोकळी नसते. ओढ्याचा तळ, त्याचे उतार, बांधाचा माथा आणि बाहेरच्या बाजूचा पायथा मिळून एक वाहिनी तयार होते आणि तिने किती पाणी वाहून न्यावे याचा हिशेब आधीच झालेला असतो. त्या हिशेबात तळाचा आणि उतारांचा खडबडीतपणा धरलेला असतो. नीट कापलेल्या गवताच्या उतारासाठी मॅनिंगच्या सूत्रातला (वाहिनीतल्या पाण्याचा वेग काढण्याचे हे सूत्र) खडबडीतपणाचा गुणांक साधारण ०.०३ धरतात, तर दाट झुडपांच्या काठासाठी तो ०.१ किंवा त्याहून जास्त होतो. इतर सर्व गोष्टी सारख्या असतील तर खडबडीतपणा जितक्या पटीने वाढतो तितक्या पटीने पाण्याचा वेग घटतो आणि तेच पाणी वाहून न्यायला वाहिनीला अधिक खोली लागते. म्हणून आपण लावू पाहत असलेल्या शोभेच्या झाडांच्या रांगेकडे खात्याचा अभियंता कपाळाला आठ्या घालून पाहतो. तो रसिक नाही असे समजू नये. त्याला त्या रांगेत पाण्याची चढलेली पातळी दिसत असते.

सेवारस्त्याचेही तसेच आहे. तो फिरण्यासाठी केलेला नसतो. पावसाळ्याआधी पाहणी करणे, पाझर शोधणे, गाळ काढणारी यंत्रे उतरवणे आणि मध्यरात्री बांध खचू लागला तर दगडांचे ट्रक तिथवर पोहोचवणे, ही त्याची कामे असतात. त्यामुळे त्याची रुंदी, वळणे आणि वजन पेलण्याची ताकद यांत मार्गाने काहीही कमी करता कामा नये. फिरणाऱ्यांसाठी दोन्ही दिशांच्या वापराला तीन मीटर पुरतात, पण यंत्रांना त्याहून जास्त जागा लागते. केवळ पायी चालणाऱ्यांचा विचार करून टाकलेला डांबराचा पातळ थर पहिल्याच ट्रकखाली फुटतो आणि मग तो कोणी दुरुस्त करायचा यावर पत्रव्यवहार सुरू होतो.

आता एक गोष्ट, जी सगळ्यांत उशिरा तपासली जाते आणि खरे तर सर्वांत आधी तपासायला हवी. खात्याच्या ताब्यातली सगळी जमीन खात्याच्या मालकीची असतेच असे नाही. कित्येक ठिकाणी मूळ मालकाकडे मालकी तशीच राहिलेली असते आणि खात्याला फक्त पाणी वाहून नेण्याचा व देखभालीसाठी येण्याजाण्याचा सुविधाधिकार मिळालेला असतो. अशा पट्ट्यावर लोकांना फिरायला बोलावण्याचा अधिकार खात्याला स्वतःलाच नसतो. मग खाते तो आपल्याला कसे देणार? एका प्रकल्पात आम्ही फलक रंगवून तयार केले होते आणि उद्घाटनाची तारीखही ठरली होती. तेव्हा मधल्या दोनशे मीटरच्या तुकड्याचे मूळ दस्त कोणीतरी उघडले. तो तुकडा वगळून मार्गाला रस्त्यावरून वळसा द्यावा लागला आणि तो वळसा आजही तसाच आहे. म्हणून प्रत्येक तुकड्याचे दस्त काढून नकाशावर रंग भरा: पूर्ण मालकी एका रंगात, सुविधाधिकार दुसऱ्या रंगात. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही.

दस्तांबरोबर हेही पाहा की बांध मुळात कोणी बांधला आणि त्यावर वरच्या कोणत्या यंत्रणेची हुकमत आहे. अमेरिकेत लष्कराच्या अभियंता दलाने बांधलेल्या पूरनियंत्रण कामांत स्थानिक खात्यालाही परस्पर बदल करता येत नाही. १८९९ च्या नद्या व बंदरे कायद्यातील कलमानुसार, ज्याला तिथले लोक सहसा ‘कलम ४०८’ म्हणतात, त्या दलाची परवानगी लागते आणि मार्गासाठी बांधात रोवायच्या खांबांनाही ती लागू शकते. इतर देशांत नावे वेगळी असतील, तत्त्व तेच असते. स्थानिक अधिकाऱ्याने तोंडी दिलेला होकार हा होकार नसतो, हे त्या अधिकाऱ्यालाही ठाऊक असते.

कराराचा प्रकार निवडताना माझे मत स्पष्ट आहे: भाडेपट्टा नको, अनुज्ञा घ्यावी. भाडेपट्ट्याने जमिनीत हक्क निर्माण होतो आणि खात्याचे वकील त्यावर वर्षानुवर्षे घासाघीस करतात; अनुज्ञेत फक्त वापराची मुभा असते, ती लवकर मिळते आणि खात्याला कामासाठी मार्ग बंद करण्याचा अधिकार राहतो. तो अधिकार आपण मनापासून मान्य करावा. त्याच्या बदल्यात काय मागायचे हे महत्त्वाचे आहे: नियोजित कामाची काही आठवडे आधी सूचना, बंद तुकड्यासाठी पर्यायी वाट ठरवण्यात खात्याचे सहकार्य आणि खात्याच्या यंत्रांनी पृष्ठभाग मोडला तर तो पूर्ववत करण्याचा खर्च कोणाचा, याचे नेमके वाक्य. पुरात मार्गच वाहून गेला तर तो पुन्हा बांधण्याचे बंधन कोणावर आहे, की कोणावरच नाही, हेही त्यात लिहा. माझ्या अनुभवात करार मोडतात ते बहुतेक याच दोन जागी, आणि तिसरी जागा म्हणजे गाळ. त्याकडे पुढे येतो.

अशी वाटणी चालू शकते याचे चांगले उदाहरण कॅलिफोर्नियातल्या अलामेडा क्रीकचे आहे. तिथे पूरनियंत्रण वाहिनीच्या दोन्ही काठांवरून सुमारे १९ किलोमीटरचा मार्ग सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरापर्यंत जातो. वाहिनी पूरनियंत्रण यंत्रणेची आहे आणि मार्ग ईस्ट बे रीजनल पार्क डिस्ट्रिक्ट ही उद्यानसंस्था चालवते. एक काठ फरसबंदी केलेला आणि दुसरा कच्चा, घोडेस्वारांसाठी ठेवलेला, या साध्या विभागणीने सायकल आणि घोडा यांचे भांडण फलक न लावताच बरेचसे मिटते. दोन काठ हाताशी असताना दोन्हींवर एकसारखाच मार्ग करण्याचा मोह टाळा.

आता मुख्य मुद्दा. आपल्या मार्गाचा कोणता भाग कोणत्या पातळीला पाण्याखाली जातो, याची यादी हा माझ्या लेखी आराखड्याचा पहिला कागद आहे. बांधाचा माथा बहुधा शंभर वर्षांच्या पुराच्याही वर असतो. हा शब्दप्रयोग फसवा आहे. त्याचा अर्थ तसा पूर शंभर वर्षांतून एकदा येतो असा नसून कोणत्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता एक टक्का असते, असा आहे. तीस वर्षांच्या काळात ती शक्यता सुमारे २६ टक्के होते. माथ्यावरच्या मार्गाची चिंता त्यामुळे थोडी कमी असते. खरा प्रश्न असतो तो मार्ग पुलांखाली उतरतो तिथला. पुलाच्या तुळईखाली सायकलस्वारासाठी किमान २.४ मीटर आणि शक्यतो तीन मीटर मोकळी उंची हवी असते. ती मिळवण्यासाठी मार्ग काठावरून खाली, थेट वाहिनीच्या पोटात उतरवावा लागतो. अशा जागा पुष्कळदा दोन वर्षांच्या पुराच्या पातळीलाच बुडतात, म्हणजे दरवर्षी त्या बुडण्याची शक्यता निम्मी असते, आणि काही तर दर मोठ्या पावसात बुडतात. दहा वर्षांच्या पुराच्या पातळीवर ठेवलेला पुलाखालचा मार्गही दहा वर्षांत एकदा तरी बुडण्याची शक्यता ६५ टक्के आहे.

याचा अर्थ पुलाखालचे मार्ग करूच नयेत असा नाही. वाहत्या रस्त्यावरून मुलांना ओलांडायला लावणे हाही धोकाच आहे, आणि तो रोजचा आहे. पण प्रत्येक पुलाखालच्या मार्गाला वरून जाणारी पर्यायी वाट आधीपासून बांधलेली, फलक लावलेली आणि खरोखर वापरता येण्याजोगी हवी. ती नसेल तर लोक बंद दांड्याखालून वाकून जातात. घरी जाण्याचा दुसरा रस्ताच नसेल तर त्यांना दोष कसा द्यायचा?

पाण्याची ताकद लोकांना कळत नाही, आणि खरे सांगायचे तर आराखडा करणाऱ्यांनाही ती पुष्कळदा कळत नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की अंगावरचा दाब चौपट होतो. ऑस्ट्रेलियातल्या पूरविषयक मार्गदर्शक तत्त्वांत खोली मीटरमध्ये आणि वेग सेकंदाला मीटरमध्ये धरून त्यांचा गुणाकार पाहतात: लहान मुलांसाठी ०.४ आणि प्रौढांसाठी ०.६ यांच्या पुढे धोका वाढत जातो. अगदी लहान मुले आणि अशक्त वृद्ध यांच्यासाठी तर कोणताही प्रवाह सुरक्षित धरत नाहीत. हिशेब करून पाहा: सेकंदाला दोन मीटर वेगाने वाहणारे जेमतेम ३० सेंटिमीटर पाणी धडधाकट माणसाला त्या मर्यादेवर नेऊन ठेवते. अमेरिकेची हवामानसेवा तर जोरात वाहणारे १५ सेंटिमीटर पाणीही प्रौढ माणसाला पाडू शकते असे सांगते. ‘घोट्याएवढेच तर आहे’ हे वाक्य मी पुलाखाली उभ्या असलेल्या लोकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकले आहे की आता त्यावर मी वाद घालत नाही, दांडा खाली करतो.

ओढा आणि मोठी नदी यांतला फरक इथे सर्वांत जास्त जाणवतो. मोठ्या नदीचा पूर वरून खाली येताना तासन्‌तास, कधी दिवस घेतो, आणि पातळी पाहून निर्णय घेणे शक्य असते. शहरी ओढ्याचे पाणलोट क्षेत्र लहान आणि बरेचसे काँक्रीटने झाकलेले असते. छपरांवरचे आणि रस्त्यांवरचे पाणी गटारांतून थेट ओढ्यात येते आणि पाऊस सुरू झाल्यापासून तासाभराच्या आत, कधी अर्ध्या तासातही, पातळी मीटरभर चढू शकते. शिवाय पाऊस वरच्या टेकडीवर पडत असतो आणि खाली मार्गावर ऊन असते. त्यामुळे पुलाजवळच्या पातळीमापकावर भिस्त ठेवून मार्ग बंद करणे म्हणजे घोडा पळाल्यावर तबेल्याला कडी घालणे होय.

म्हणून मी तीन पायऱ्या सुचवतो. पहिली पायरी अंदाजाची: हवामान विभागाने जोरदार पावसाचा इशारा दिला की पाणी असो वा नसो, पुलाखालचे सर्व मार्ग बंद व्हायचे आणि त्यासाठी कोणाच्या मंजुरीची वाट पाहायची नाही. दुसरी पायरी पाणलोटाच्या वरच्या भागातल्या पर्जन्यमापकाची: ठरलेल्या वेळात ठरलेल्यापेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला की काठालगतचे खालचे तुकडे बंद. तिसरी पातळीची: वरच्या बाजूच्या मापकावर ठरलेली खूण ओलांडली की माथ्यावरचा मार्गही बंद आणि बांध खात्याच्या ताब्यात. हे आकडे खात्याच्या जलविज्ञान शाखेकडून आपल्या ओढ्यासाठी काढून घ्यावे लागतील. दुसऱ्या ओढ्याचे आकडे उचलू नका. पहिल्या पायरीमुळे वर्षातून काही वेळा मार्ग उगाच बंद राहील आणि तक्रारी येतील. त्या येऊ द्याव्यात.

जगात हे वेगवेगळ्या तऱ्हांनी केले जाते आणि त्या तऱ्हा तुलना करून पाहण्यासारख्या आहेत. सोलमधला चेओंग्ग्येचेऑन ओढा उन्नत महामार्ग पाडून २००५ साली पुन्हा उघडा करण्यात आला. रस्त्याच्या पातळीच्या बराच खाली, दोन्ही बाजूंच्या भिंतींमध्ये तो वाहतो. जोराचा पाऊस झाला की भिंतींतली पूरदारे उघडून शहराचे पावसाचे पाणी बाजूने थेट ओढ्यात येते. म्हणजे तिथे पाणी फक्त वरून खाली येत नाही, चालणाऱ्याच्या शेजारच्या भिंतीतूनही येते, आणि म्हणून पाऊस लागताच प्रवेश बंद करून आतल्या लोकांना बाहेर काढावे लागते. आपल्या ओढ्यात उघडणाऱ्या प्रत्येक गटाराचे तोंड मार्गाच्या सापेक्ष कुठे आहे हे पाहण्याचा धडा मी तिथून घेतला. सिंगापूरमध्ये बिशान पार्कातली काल्लांग नदीची २.७ किलोमीटरची सरळ काँक्रीटची वाहिनी बदलून ३.२ किलोमीटरची वळणदार नदी करण्यात आली आणि ते उद्यान २०१२ साली खुले झाले. तिथे लोकांनी पाण्यापर्यंत जावे हाच हेतू होता, म्हणून पातळीचे संवेदक, भोंगे आणि इशाऱ्याचे दिवे हे उद्यानाचाच भाग आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिथले काठ सौम्य उताराचे आहेत, पाणी हळूहळू पसरत वर येते आणि माणसाला चालत मागे हटता येते. उभ्या भिंतींच्या वाहिनीत कितीही भोंगे बसवले तरी ही सोय मिळत नाही. लॉस एंजेलिसने याहून सरळ मार्ग धरला आहे: १९३८ च्या पुरानंतर काँक्रीटमध्ये बांधलेल्या नदीचे काही तुकडे होड्यांसाठी खुले केले जातात, पण फक्त कोरड्या ऋतूत. ज्या प्रदेशात पावसाळा ठरावीक महिन्यांत येतो तिथे वाहिनीच्या पोटातले मार्ग तेवढे महिने सरसकट बंद ठेवणे हा रोज निर्णय घेत बसण्यापेक्षा कितीतरी भरवशाचा उपाय आहे.

दांड्यांबद्दल एक बारीक पण जीवनमरणाची गोष्ट. दांडा किंवा फाटक प्रवेश अडवण्यासाठी असते; बाहेर पडणे त्याने अडता कामा नये. एकदा पुलाखालच्या मार्गाची दोन्ही फाटके वेळेत, अगदी नियमानुसार बंद झाली आणि मधल्या वळणावर बसलेला एक माणूस आत राहिला. फाटक उंच होते आणि कुलपाची किल्ली शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. तो उतारावर चढून वाचला, कारण तिथला उतार मातीचा होता. त्या दिवसानंतर मी मंजूर केलेल्या प्रत्येक फाटकाला आतून ढकलून उघडणारी कडी आहे, बंद करण्याआधी माणसाने तुकडा चालून पाहावा असा लेखी नियम आहे आणि काँक्रीटच्या उभ्या भिंती असलेल्या लांब तुकड्यांत ठरावीक अंतरावर वर चढायच्या पायऱ्या किंवा शिड्या आहेत. किल्ल्या दोन्ही संस्थांकडे आणि प्रत्येकीत एकाहून अधिक लोकांकडे असाव्यात. रजेवर गेलेल्या अधिकाऱ्याच्या टेबलाच्या खणात पूरव्यवस्थापन राहू नये.

फलकांवर माझा फारसा विश्वास नाही, पण दोन प्रकारचे फलक उपयोगी पडतात. कोलोरॅडोत ३१ जुलै १९७६ च्या रात्री बिग थॉम्प्सन नदीच्या घळीत आलेल्या पुरात १४४ माणसे गेली. पुराच्या पुढे पळण्याच्या आशेने गाडीतून घळ उतरू पाहणारे काही जणही त्यांत होते. त्यानंतर तिथल्या घळींत ‘पूर आला तर वर चढा’ असे सांगणारे फलक लागले. एक क्रियापद, एक दिशा. घाबरलेल्या माणसाला याहून जास्त वाचता येत नाही. दुसरा प्रकार पातळीच्या खुणांचा. कोलोरॅडोतल्याच बोल्डर शहरात, बोल्डर क्रीक या ओढ्याच्या काठी, पूरव्यवस्थापनाचे अभ्यासक गिल्बर्ट व्हाइट यांच्या स्मरणार्थ एक स्तंभ उभा आहे आणि वेगवेगळ्या पुरांत पाणी कुठवर येईल हे त्यावर दाखवले आहे. आपल्या डोक्यावरून दोन हात उंच असलेली खूण पाहून माणूस जे समजतो ते कोणत्याही मजकुराने समजत नाही. पुलाच्या खांबावर रंगाच्या पट्ट्यांनी हे अगदी कमी खर्चात होते.

पुलांखाली किंवा झुडपांच्या आडोशाला राहणारी माणसे असतील तर इशाऱ्याच्या योजनेत त्यांचा विचार पहिल्यांदा करा. फिरायला आलेला माणूस पाऊस लागला की घरी जातो, ती माणसे पावसापासून वाचण्यासाठीच तिथे आलेली असतात. भोंगा त्यांना पुरत नाही. कोणीतरी चालत जाऊन, ओळखीच्या आवाजात सांगावे लागते आणि जायला जागा दाखवावी लागते. समाजकल्याणाचे काम करणाऱ्यांना या योजनेत सुरुवातीपासून घ्यावे.

पूर ओसरल्यावर दोन घाया होतात: लोकांना मार्ग हवा असतो आणि सफाई कामगारांना गाळ ओला असतानाच काढायचा असतो. दुसरी घाई रास्त आहे. ओला गाळ फावड्याने आणि पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने निघतो. तोच दोन दिवस उन्हात राहिला तर कडक होऊन त्यासाठी यंत्र आणावे लागते, आणि तोवर त्याची धूळ लोकांच्या नाकातोंडात जाते. पण कामगारांच्या आधी अभियंत्याने चालून यावे. वरून अखंड दिसणाऱ्या काँक्रीटच्या फरशीखालची माती पाण्याने ओढून नेलेली असते आणि फरशी पोकळीवर तरंगत असते. लोखंडी कांबीने ठोकून पाहिले की पोकळ आवाज येतो. कठड्यांना अडकलेल्या फांद्या, पिचिंगचे (उताराची धूप रोखायला बसवलेले) सरकलेले दगड, बांधाच्या बाहेरच्या पायथ्याशी ओल किंवा गढूळ पाझर, हे आधी टिपले पाहिजे. गढूळ पाझर म्हणजे पाण्याबरोबर आतली मातीही येत आहे, आणि तो दिसला की सफाई थांबवून खात्याला त्याच क्षणी फोन करायचा.

आणि हा गाळ जातो कुठे? ढकलून परत ओढ्यात टाकणे सोपे वाटते, पण बहुतेक ठिकाणी ते पाण्याच्या प्रदूषणाच्या नियमांत बसत नाही. त्यात तेल, गटाराचे पाणी आणि काचा असतात. मार्गावरचा गाळ स्थानिक संस्थेने आणि वाहिनीतला खात्याने काढायचा, ही वाटणी ऐकायला सरळ आहे. पुलाखाली मार्ग वाहिनीतच असतो तेव्हा ती लागू होत नाही. तिथे प्रत्येक पुलाचे नाव लिहून कोणी काढायचा, कुठे टाकायचा आणि किती दिवसांत, हे करारातच नोंदवा.

बाके, कचराकुंड्या, कठडे आणि खांब यांचा नियम याच्यातूनच येतो. पुराच्या पातळीखाली जे काही उभे कराल ते एकतर फांद्या अडवून धरण बनते किंवा उपटून खालच्या पुलाला जाऊन अडकते. बाके माथ्याच्या बाहेरच्या बाजूला, प्रवेशाजवळ ठेवा. खाली कठडा अपरिहार्य असेल तर पाण्याच्या दाबाने आडवा पडणारा किंवा पावसाळ्याआधी काढून ठेवता येणारा घ्या. दिव्यांबद्दल मी नेहमी ‘आधी थांबा’ म्हणतो: दिवा लावला की आपण रात्री या असे आमंत्रण देतो, आणि रात्री वाढणारे पाणी दिसत नाही. शिवाय ओढ्याकाठची वटवाघळे व इतर निशाचर प्राणी उजेडाने बिचकतात. दिवे हवेतच असतील तर ते प्रवेशांवर आणि रस्ता ओलांडण्याच्या जागांवर पुरेत.

झाडांच्या बाबतीत दोन्ही बाजू बरोबर असतात आणि म्हणून हा वाद संपत नाही. २००५ साली कतरिना चक्रीवादळात न्यू ऑर्लिन्सचे बांध फुटले, त्या आपत्तीनंतर अमेरिकी अभियंता दलाने बांधावर आणि त्याच्या पायथ्यापासून सुमारे साडेचार मीटरपर्यंत झाडझुडूप नसावे, यावर जोर दिला. वादळात झाड उन्मळले तर मुळांबरोबर बांधाचा लचका निघतो आणि झुडपांत पाहणी करणाऱ्याला भेगा दिसत नाहीत. कॅलिफोर्नियात त्याला विरोध झाला, कारण तीच झाडे पाण्यावर सावली धरून माशांना जगवतात. माझा कल असा: बांधाच्या भरावावर फक्त गवत, सावलीची झाडे पायथ्यापासून दूर बाहेरच्या बाजूला, आणि जिथे बांध नसून नैसर्गिक काठ आहे तिथे स्थानिक झाडी निर्धास्त वाढू द्यावी. पक्ष्यांच्या विणीचा हंगाम नकाशासारखाच भिंतीवर लावा. गवतकापणी आणि गाळकाम पावसाळ्याआधी व्हायला हवे, विणीत करता येत नाही आणि चांगल्या हवेत मार्गावर गर्दी असते. या तिन्हींमधून उरणारे आठवडे फार थोडे असतात आणि ते खात्याला द्यावेच लागतात.

बिळे करणारे प्राणी हा विषय ऐकणाऱ्याला हसू आणतो, पण बांध फुटण्याच्या कारणांत बिळांचे स्थान खरोखरचे आहे. भरावातून गेलेले बीळ पुराच्या पाण्याला तयार वाट देते. मार्ग खुला झाला की लोक खारींना आणि पक्ष्यांना खाऊ घालतात, सांडलेल्या खाऊवर घुशी येतात आणि बिळे वाढतात. म्हणून ‘खाऊ घालू नका’ हा फलक इथे शिष्टाचाराचा नसून बांधाच्या सुरक्षिततेचा आहे, आणि तसे त्यावर लिहावे. कारण सांगितले की लोक ऐकतात. कुत्रे साखळीला असावेत, कारण मोकळा कुत्रा बिळे उकरतो, घरट्यांत शिरतो आणि सायकलखाली येतो. त्यांची विष्ठा मार्गावरून थेट ओढ्यात धुतली जाते.

वेगवान सायकली, विशेषतः विजेवरच्या, यांबद्दल तक्रारी सर्वांत जास्त येतील. त्यांना वेगमर्यादेच्या पाट्यांपेक्षा पुरेशी रुंदी, पुलाखालच्या वळणांवर मोकळी दृष्टी आणि उताराच्या कडेला दीड मीटरची मोकळी पट्टी हे उत्तर जास्त लागू पडते. यापलीकडे या विषयात फार शिरत नाही. इतर कोणत्याही मार्गाला लागू असलेले नियम इथेही लागू आहेत.

अपघाताच्या दायित्वाविषयी आपल्या वकिलांना काळजी वाटणे साहजिक आहे. काही ठिकाणी कायदाच सार्वजनिक संस्थेला संरक्षण देतो. कॅलिफोर्नियात करमणुकीच्या मार्गाच्या स्थितीमुळे झालेल्या इजेबद्दल शासकीय संहितेच्या ८३१.४ या कलमाने ते मिळते. आपल्याकडचा कायदा काय म्हणतो ते त्यांनी पाहावेच. तरीही माझा अनुभव असा की न्यायालयापुढे किंवा चौकशीपुढे सर्वांत उपयोगी पडते ती वही: कोणत्या दिवशी किती वाजता इशारा आला, कोणी कोणते फाटक बंद केले, कोण चालून आले, केव्हा उघडले. ही नोंद न चुकता ठेवणारी संस्था अपघातही कमी पाहते, कारण ती दर वेळी तुकडा चालून पाहत असते.

तेव्हा पहिल्या वर्षी काय करावे? फरसबंदीची निविदा काढू नका. असलेला सेवारस्ता माथ्यावरच, आहे त्या खडीच्या पृष्ठभागासह खुला करा, कुंपणाच्या फटींच्या जागी रीतसर प्रवेश आणि फाटके बसवा आणि पुलाखालचे मार्ग अजिबात उघडू नका. तिथे तात्पुरते रस्ता ओलांडायचे पट्टे आखा. प्रत्येक पुलाच्या खांबावर पातळीच्या खुणा रंगवा आणि एक पूर्ण पावसाळा दर पावसात ठरलेल्या जागांवरून वेळेसह छायाचित्रे घ्या. तीन पायऱ्यांची बंदयोजना त्या वर्षी खरोखर चालवून पाहा आणि ऐन रात्रीच्या पावसात इशाऱ्यापासून शेवटचे फाटक लागेपर्यंत किती मिनिटे गेली ते मोजा. पाणी नेहमीच्या पातळीवरून पुलाखालच्या मार्गाच्या नियोजित पातळीपर्यंत चढायला त्याहून कमी मिनिटे लागत असतील, तर त्या पुलाखाली मार्ग करू नये. जास्त लागत असतील तर तिथले चित्र काढायला घ्या, आणि रुंदी, पृष्ठभाग, बाके हे आपले प्रश्न तेव्हा माझ्याकडे पुन्हा आणा. छायाचित्रे समोर असतील तर त्यांची उत्तरे एका बैठकीत होतात.